एका दमात सगळं बदलणारे गृहस्थ

हिंगोलीतल्या निम्म्या लग्नपत्रिका आणि शाळांच्या स्मरणिका माझ्या दादाच्या या वर्गमित्राच्या संगणकातून गेल्या असतील. पण त्यातलं एक अक्षरही त्यांनी आजवर हातानं बदललेलं नाही, असं मी छातीठोकपणे सांगू शकतो. ओळीत एखादी मोकळी जागा जास्त पडली, तर बोट पुढं करून ती खोडणं त्यांना कमीपणाचं वाटतं. ते खुर्चीत रेलतात, डोळे मिटतात आणि त्या चुकीचं कूळ शोधायला लागतात. ही एकटी नसणार. हिच्या बहिणी कोणत्या अक्षरानंतर, कोणत्या आकड्याआधी लपल्या असतील? मग शोधाच्या चौकटीत तिरक्या रेघा, टिंबं, चौकोनी कंस अशी एक ओळ उमटते. आपल्याला वाटतं, कळफलकावर कुणाचं कोपर टेकलं. ते तिला ‘नमुना’ म्हणतात. नमुना लिहायला तास जातो. बटण दाबलं की तीनशे पानांतल्या चुका क्षणात सरळ होतात. वाचनालयाच्या नोकरीत माझा जन्म पुस्तकांत गेला, पण पानं कुणाचं इतकं ऐकताना मी दुसरीकडं पाहिली नाहीत. आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावला जाणाऱ्या जिपीत बसतानाही ते म्हणणार, “पुढं दोघं बसले ना, आता तिसरा पानटपरीवरून येतो बघा.” आणि तो येतो.

एकदा मात्र नमुन्यानं दगा दिला. एका पत्रिकेत वराच्या आजोबांच्या नावाआधी ‘श्री.’ पडलं होतं, तिथं ‘कै.’ हवं होतं. एकाच नावाला का होईना, हात लावायचा नाही, म्हणून यांनी नमुना लिहिला, बटण दाबलं, आणि मामा, मावसे, निमंत्रकांसकट सगळी पुरुष मंडळी कैलासवासी झाली. प्रूफ बघायला आलेले वराचे चुलते स्वतःच्या नावापाशी थबकले.

“आरं, म्या मेलो कवा?”

“घाबरू नका,” हे शांतपणे म्हणाले. “एका दमात सगळ्यांना जिवंत करतो.”

दोन कळा दाबल्या, आणि केलं. दादाला जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. मी हसलो, आणि मग बराच वेळ त्या दोन कळांकडं बघत बसलो.

मी त्यांच्या दुकानात जात होतो दादाच्या शब्दकोशासाठी. शाळामास्तर असलेल्या दादानं सुट्ट्यांमध्ये जिल्ह्यातल्याच पुसेगावकडच्या मेंढपाळांमागं फिरून त्यांचे शब्द जमवले होते: मेंढरांची कानावरून, चालीवरून पडलेली नावं, कळपाला घालायच्या हाका. शब्द, आडवी रेघ, अर्थ, पुढं कंसात काहीबाही, असं त्यानं टंकून ठेवलेलं. वर्षश्राद्धाला पुस्तक हातात हवं होतं. महिना उरला तेव्हा एकाच सकाळी नमुन्यांनी रेघेआधीचा प्रत्येक शब्द ठळक केला, अर्थ एकसारखे आत सरकवले. दादाच्या गबाळ्या टंकनाचा डोळ्यांदेखत कोश झाला. मी म्हणालो, “आता कंसातलं सगळं काढून टाका. पानं कमी होतील.”

नमुना लिहून झाला. बटण मात्र दाबलं नाही. “उद्या या,” म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी चिडलो.

“भाऊ, काहून थांबलात? वर्षश्राद्ध तोंडावर आलं.”

“वाचून राहिलो, धाकले. एकेक. मशीनला कंस दिसते, आत काय हाय ते न्हाई दिसत. आत बराबर तुमचा दादा बोलून राहिला.”

त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला. (हे सांगताना म्हातारा हसला. बहुतेक मला बनवलं.) (वहीचं पान शेळीनं खाल्लं. आठवून लिहिलं.) वाचत वाचत खाली आलो. हरवलेलं पिल्लू परत आल्यावर मेंढी जो आवाज काढते, त्याच्या शब्दापुढं होतं: (धाकट्याला सांगणे. त्याला आवडेल.)

दादानं मला ते कधी सांगितलं नव्हतं.

“च्या सांगून येतो,” म्हणत भाऊ बाहेर गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत. आल्यावर माझ्याकडं न बघता विचारलं, “काढू?”

मी नको म्हणालो. त्यांनी चौकटीतला नमुना खोडला.

कोश आता आमच्या वाचनालयात आहे. कुणी चाळत बसलं की मी दुरून बघतो, त्या पानावर बोट थांबतं का. धाकटा कोण, असं अजून कुणी विचारलेलं नाही.