लाल चिठ्ठीची पुस्तकं

आमच्या सोसायटीतल्या अरुंधतीबाईंना नाही म्हणणं अजून कुणाला जमलेलं नाही. चिंचवडच्या शाळेत उभा जन्म मराठी शिकवून त्या चाकणला मुलाकडे राहायला आल्या, त्या पुस्तकांची खोकी घेऊनच. घरात जागा नव्हती. मग कमिटीच्या मागे लागून त्यांनी खालची रिकामी खोली मिळवली आणि वाचनालय मांडलं. लहानांची पुस्तकं खालच्या फळीवर, मोठ्यांची वरच्या. ज्यांची त्या आवर्जून शिफारस करायच्या, त्यांवर लाल चिठ्ठी डकवलेली.

गंमत अशी, की लोक यायचे आणि नेमकी लाल चिठ्ठीची सोडून बाकीची न्यायचे. ती काही फार रंगायची नाहीत. हळूहळू लोक येईनासे झाले. चेअरमन सोपानराव टपूनच होते. म्हणाले, "बाई, पुढच्या मीटिंगला खोलीचं ठरवून टाकू. टेबल टेनिस ठेवलं तर पोरं तरी येतील."

त्या दिवशी मी शिफ्टवरून येताना डोकावले, तर बाई डोळे पुसत होत्या. "तनुजा, माझी आवडच जुनी झाली गं. जी मी छातीठोकपणे सांगते, तीच कुणी उचलत नाही."

मी चिठ्ठ्यांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "बाई, लाल चिठ्ठी लावल्यावर कोण नेईल? कंपनीत रिजेक्ट मालाला लाल चिठ्ठी लावतात! इथं घरटी एक जण कंपनीत. मीसुद्धा फाटकीबिटकी असतील म्हणून सोडत होते."

"अगं, मी त्यांना कुंकू लावलं होतं!" म्हणत बाई जे हसत सुटल्या, ते थांबेचनात. आम्ही दोघींनी बसून सगळ्या चिठ्ठ्या खरवडल्या आणि हिरव्या लावल्या.

त्यातलं एक मोठ्या अक्षरांचं गोष्टींचं पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिलं. "हे तुझ्या सासूबाईंना."

मी चाचरले. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई गोजाबाई, चौथी शिकलेल्या. पुढं हातात आलं ते खुरपं. गाव सोडून फ्लॅटमध्ये आल्यापासून दिवसदिवस गॅलरीत मुक्या बसायच्या. पोरांचं पुस्तक दिलं तर मलाच फाडून खातील, असं वाटलं. बाई म्हणाल्या, "त्यांना सांग, आधी तुम्ही वाचा, मग नातीला सांगा."

आधी आत्याबाईंनी नाक मुरडलं. मग एका दुपारी अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागल्या, आणि गॅसवरचा चहा उतू गेला. आता रोज जेवताना आम्हाला गोष्ट ऐकवतात, मध्येच भांडतातही. माझ्या घरात बोलणं परत आलं. बाईंचे हे उपकार मला फेडता यायचे नाहीत आणि फेडायचेही नाहीत.

मीटिंगला खोलीचा विषय निघाला. हिरव्या चिठ्ठीची पुस्तकं भराभर जात होती, तरी सोपानराव टेबल टेनिसचं घोडं पुढे दामटतच होते. बाई मान खाली घालून बसल्या होत्या. तेवढ्यात मागून आत्याबाई उठल्या.

"चेअरमन, माझी गोष्ट अर्धी ऱ्हायलीय. ती सरल्याबिगर खोलीला हात लावायचा न्हाई."

सगळे हसले. सोपानरावही हसले. "बरं आज्जी, कधी सरंल?"

"सरली की बाई दुसरी देत्यात."