जालन्याची गर्दी डावीकडे का वळली

प्रदर्शन सुरू होऊन तास उलटला होता, गर्दीही बरी होती, आणि कांताबाई मात्र गोधड्यांच्या थप्पीमागे माशा मारत बसल्या होत्या. मला ते बघवेना, कारण त्यांची जागा मी ठरवली होती. मैदानातली सगळ्यात चांगली जागा. निदान माझ्या कागदावर तरी.

माझं काम लेआउटचं. मोठ्या हस्तकला प्रदर्शनात कोणता स्टॉल कुठे लावायचा, माणूस काय आधी बघेल, कुठे दमेल, कुठे खाईल, हे सगळं आधी ठरवावं लागतं. थोडक्यात, येणाऱ्याचा दिवस मी आखते आणि त्याला पत्ता लागू देत नाही. माणसं ज्या वाटेने सरकत जातात त्याला आम्ही ‘फ्लो’ म्हणतो. आम्हाला शिकवलेला पहिला नियम असा, की आत शिरलेला माणूस बहुतेक वेळा उजवीकडे वळतो. म्हणून उजवीकडचा पहिला स्टॉल म्हणजे सोनं. खाण्याचे स्टॉल अगदी शेवटी, म्हणजे गेटच्या डाव्या हाताला. पोट भरलं की माणूस खरेदी करत नाही, घरी जाऊन झोपतो.

ते सोनं मी टेंभुर्णीच्या कांताबाईंना दिलं होतं. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणारा त्यांचा बायकांचा गट. आधीच्या प्रदर्शनांतून त्या माल जसाच्या तसा परत घेऊन गेल्या होत्या. या वेळी स्टॉल लावतानाच त्यांनी मला सांगून टाकलं होतं, “ताई, बाया घरच्यांची बोलणी खाऊन राह्यल्या. ह्या बारीला गोधड्या खपल्या न्हाई, तर गट बंद.”

मी गेटजवळ जाऊन उभी राहिले. एक कुटुंब आत आलं, डावीकडे वळलं. दुसरं आलं, तेही डावीकडे. कॉलेजच्या पोरींचा घोळका आला, डावीकडेच. म्हणजे सरळ भज्यांवर. तिथून खात-पीत, पिशव्या भरत अख्खं मैदान फिरून लोक कांताबाईंपर्यंत पोचायचे, तेव्हा हातात जागा नसायची, कडेवर पोर झोपलेलं असायचं आणि नजर बाहेरच्या वाटेवर. मला खरं तर घाम फुटायला हवा होता. पण त्याआधी कुतूहलच वाटायला लागलं. सगळं जालना एकदम डावखुरं कसं झालं?

भज्यांचा वास म्हणावा, तर वारा उलट दिशेचा होता. सावली म्हणावी, तर ती उजवीकडे होती. शेवटी तीर्थपुरीहून बायकोला घेऊन आलेल्या एका काकांना मी विचारलंच, की इकडेच का वळलात?

“मंग काय तुळशीला उलटा फेरा घालू?” काका म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं. मैदानाच्या मधोमध माझ्या प्लॅनमध्ये ‘सेल्फी पॉइंट’ लिहिलेलं होतं. सजावटवाल्यांनी तिथे मातीचं सुरेख वृंदावन आणून ठेवलं, आणि हौसेने त्यात खरीखुरी तुळस लावली. सकाळी स्टॉलवाल्या बायांनी तिला हळदीकुंकू वाहिलं, कुणीतरी उदबत्ती लावली. झालं! सेल्फी पॉइंटचं देऊळ झालं. आणि देव उजव्या हाताला ठेवून चालायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. प्रदक्षिणा घालतोय असं कुणाच्या मनातही नसेल. चपला घालून, गप्पा मारत चालले होते सगळे. फक्त उलटं जायला पाय तयार नव्हते.

आयोजक देशमुख सरांना जाऊन सांगितलं. त्यांना हसू आलं आणि मग टेन्शन आलं.

“ती कुंडी हलवा तिथून,” ते म्हणाले.

“तुम्ही हलवता, सर?”

त्यांनी सजावटवाल्यांकडे बोट दाखवलं. त्यांना विचारलं, तर पुजलेल्या तुळशीला आम्ही हात लावणार न्हाई, असं त्यांनी सांगून टाकलं. स्टॉल हलवायचे तर सगळं वायरिंग उखडावं लागलं असतं. आणि दुपारी एमआयडीसीतली शिफ्ट सुटली की मंडळी बायकापोरांना घेऊन येणार होती. तीच खरी गर्दी. ती चुकली की कांताबाईंचा दिवस संपला.

तुळस हलणार नव्हती, लोक उलटे फिरणार नव्हते. मग हलवण्यासारखं उरलं फक्त गेट. टेम्पोतून माल आत आणायचं एक गेट कांताबाईंच्या स्टॉलच्या पलीकडेच होतं. तिथून आत येऊन माणूस डावीकडे वळला, की पहिला स्टॉल त्यांचाच.

“आणि पुढची कमान? पाहुण्यांचे फोटो आहेत तिच्यावर. तिच्याखालून कोण येणार?” सरांनी विचारलं.

“पाहुणे येतील की.”

कमान बंद करायची नव्हती, फक्त पार्किंग हलवायचं होतं. माणूस जिथे गाडी लावतो, तिथल्या जवळच्या दारानेच आत शिरतो. हा दुसरा नियम तरी जालन्यात चालेल अशी मला आशा होती. सर कुरकुरले, पण पार्किंगवाल्यांना फोन त्यांनीच केला.

शिफ्ट सुटली. मोटारसायकली टेम्पोच्या गेटपाशी लागायला लागल्या. पहिलं जोडपं आत आलं. बाईंनी तुळशीला लांबूनच हात जोडले, डावीकडे वळल्या आणि त्यांचा हात थेट गोधडीवर पडला. कांताबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी घडी झटकून गोधडी उलगडली, तशी मागून येणारी चार माणसं थांबली. थांबलेली माणसं बघून आणखी थांबली. मी लांबून बघत होते, जवळ जायचा धीर होत नव्हता. मधल्या वेळात पैठणीवाले माझ्याशी भांडून गेले, की आमच्याकडे लोक उशिरा येतात. पैठणीपर्यंत बायका डोळे झाकूनही पोचतात, असं सांगून मी त्यांची समजूत काढली.

दिवेलागणीला मी कांताबाईंकडे गेले. थप्पी संपली होती, तरी दोघीजणी नमुना बघायला उभ्या होत्या. कांताबाई फोनवर गावी बोलत होत्या.

“समद्या बायांना सांग, जुनी लुगडी भांडेवालीला देऊ नका म्हणावं. मला लागणार हायती.”

खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

उजवीकडे वळण्याचा नियम मी अजूनही नव्या पोरापोरींना शिकवते. फक्त प्लॅनवर सही करण्याआधी मैदानावर जाऊन मधोमध काय ठेवलंय ते बघून येते.