धक्क्यावरचा कंदील

जळकोटच्या बाजूला तलाव आहे. बहात्तरच्या दुष्काळी कामात लोकांनी त्याचा दगडी धक्का बांधला आणि टोकाला दोन पुरुष उंचीचा मनोरा. पुढं मच्छीमार सोसायटीनं त्यावर कंदील टांगला, अंधारात होड्यांनी खडक चुकवून परत यावं म्हणून. तो लावायचं काम गुरुसिद्धप्पाचं. माणूस असा संशयी, की बायकोनं चहा दिला तरी आधी वास घ्यायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात; याच्या मनात बारा महिने चोरच.

त्यात कंदील शनिवारी शनिवारी विझू लागला. दुपारी राकेल भरावं, दिवेलागणीला पेटवावं, की होड्या पाण्यात असतानाच वात काजळून मरायची. वातीला करडीच्या तेलाचा चिकटपणा लागे. राकेल काढून कुणीतरी तेल भरतंय, असं त्यानं ताडलं. पण बोलला नाही. चोर सावध होईल ना! तो घरोघरच्या चिमण्या हुंगत हिंडू लागला, आणि गाव त्याच्याकडंच वाकड्या नजरेनं बघू लागलं. राकेलचा डबा त्याच्याच ताब्यात होता.

एका शनिवारी बलभीम भोयाची होडी खडकावर आपटली. जीव वाचला, हात मोडला. गुरुसिद्धप्पाला ठेवायचा की काढायचा, यासाठी सोसायटीनं सभा बोलावली.

सभेच्या आदल्या शनिवारी तो धक्क्याच्या दगडाआड दबा धरून बसला. बलभीमची बायको कमलबाई मनोऱ्यावर चढली आणि तिनं कंदिलात वाटीभर तेल ओतलं.

"काय करतीस गं?" तो ओरडला.

"मारुतीला घालतो तसं घालते, आप्पा. ह्या दिव्यानंच मालक वाचले. आता तर जास्तीच घालणार हाय."

गुरुसिद्धप्पाला आधी आनंदच झाला. चोर सापडला, काम वाचलं! पण बाई हात जोडून, डोळे मिटून उभी. तुझ्या तेलानंच नवऱ्याचा हात मोडला, हे हिला सांगायचं कसं? मनोऱ्याच्या पायथ्याशी कोनाडा होता, त्यात त्यानं पणती ठेवली.

"वर चढू नगंस, पडशील. तेल हितं घालत जा."

तिनं मानलं. तिची पाठ वळताच त्यानं कंदील रिकामा करून नवी वात घातली.

सभेला बलभीम हात गळ्यात बांधून आला. "खरं सांगा आप्पा, आमच्या जिवावर राकेल विकलं का न्हाय?"

गुरुसिद्धप्पानं बायका बसल्या होत्या तिकडं एकदा बघितलं.

"व्हय. विकलं."

चेअरमननं कंदिलाचं काम तिथल्या तिथं काढून घेतलं. कमलबाई ताडकन उठली आणि कडाकडा बोटं मोडत म्हणाली, "म्या म्हणलंच हुतं, ह्याची नजरच चोराची हाय!"