क्लच नसलेली गाडी

काष्टीच्या आसारामला थुंकणाऱ्या माणसाची जितकी किळस, तितकीच रिकाम्या बसणाऱ्याची. आणि सत्त्याण्णव सालच्या फाल्गुनात तो स्वतःच नऊ दिवस, सकाळपासून उन्हं कलेपर्यंत, थुंकणाऱ्यांच्या मधोमध रिकामा बसून होता. हे कसं झालं ते सांगतो. सावकाश सांगतो, कारण आसारामनेही आयुष्यात कधी घाई केली नाही. बावीस वर्षं त्याने या भागातली लिंबं आणि कांदा टेम्पोत घालून पुण्याच्या बाजारात नेला. केबिनमध्ये शेजारी झोपलेला शेतकरी गाडी थांबल्यावरच जागा व्हायचा, वाटेत कधी नाही.

त्याच्या दोन वर्षं आधी चाक बदलताना जॅक निसटला आणि त्याचा डावा पाय घोट्यापाशी चिरडला. दवाखान्यात पाय वाचला, पण जोर वाचला नाही. उजव्या पायाने ब्रेक लागायचा, ॲक्सिलरेटर दाबला जायचा, डावा मात्र क्लचवर नुसता ठेवल्यासारखा राहायचा. मालकाने टेम्पो दुसऱ्याच्या हाती दिला. तेव्हापासून आसारामचे हात मांडीवर पडून असायचे. दुपारी डोळा लागला की तेवढे ते झोपेत वळण घ्यायचे.

एसटी स्टँडच्या मागच्या बोळात रविराज नावाच्या तरण्या माणसाचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. एकदा आसाराम त्याच्या सावलीला टेकला असताना रविराज म्हणाला, "नाना, पुन्याहून नवी मशीन येतीय. रेसची. बसायला शीट, म्होरं ष्टेरिंग, गेर, समदं हाय. पडद्यावर रस्ता पळतो."

"आन् क्लच?"

"क्लच न्हाई तिला. येक ब्रेक, येक ॲक्सिलेटर."

"कधी येतीय?" आसाराम म्हणाला.

"आज-उद्या."

त्या आज-उद्याचे नऊ दिवस झाले.

दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. दाराला मळका पडदा, हाताने सारायचा म्हटलं तर अंगावर काटा यावा असा. आत तापलेल्या वायरींचा आणि घामाचा वास. कोपऱ्यात पिचकाऱ्यांचे थर, खालचा काळपट, वरचा ओला, तांबडा. मशीनच्या बटणांवर भेळ खाल्लेली बोटं पडून पडून तेल साचलेलं. पडद्यावरचा राक्षस मेला की खेळणारे आयमाय काढायचे आणि उठताना बाकाच्या कडेला नाक पुसायचे. आसाराम रोज उपरण्याने आपल्यापुरता बाक पुसायचा. चहा आला तर त्याच्यावरच्या सायीकडे आणि सायीवरच्या माशीकडे बघून कप तसाच परत करायचा.

त्याने वेळ काढला तो कानांनी. पडद्यापलीकडून दौंडच्या रस्त्याची गाडी गेली की डोळे मिटून म्हणायचा, "दुसऱ्यात रेटतोय गाढव, तिसरा टाक की." किंवा, "ह्याचं बेअरिंग गेलंय. दौंडबी गाठायचा न्हाई." ऐकणारं कोणी नव्हतं. मशीनींचा टुईं-टुईं आवाज चाललेलाच असायचा.

घरी बायको सुमनबाई म्हणायची, "अहो, जत्रंतल्या लाकडी घोड्यावर बसायचं वय हाय का तुमचं? लोक हसत्यात."

"हसू दे."

"हसत्यात ते हसत्यात, पर त्या दुकानाचा वास किती येतोय अंगाला!"

"मला येत न्हाई व्हय?" आसाराम ओरडायचा. "नाकाला कळतंय मला. बस येकदा ष्टेरिंग धरतो आन् मग त्या उकिरड्यावर पाय ठिवनार न्हाई."

नवव्या दिवशी शनिवार, बाजाराचा दिवस. मशीन टेम्पोतून आली. टेम्पोवाला पुण्याचा, तोंडात गुटखा. त्याने टेम्पोचं तोंड सरळ बोळात घातलं. आसाराम मनात म्हणाला, घुसला खरा, निघणार कसा? चौघांनी मशीन उतरवली. तांबडी पेटी, पुढे खुर्ची आणि ताटलीएवढं स्टेअरिंग.

"पूजा केल्याबिगर बसायचं न्हाई," आसाराम म्हणाला. "नवी गाडी हाय."

"नाना, चाकं कुठंयत तिला?"

"नसू दे. पायाखाली लिंबं ठेव."

लोखंडी पायांखाली चार लिंबं ठेवली. आसारामने दारात नारळ फोडला, स्टेअरिंगला कुंकू लावलं. पहिला फेरा जाणत्या हाताने मारायचा, हा रिवाज. रविराजने मान राखून खुर्ची पुसून दिली.

आसारामने स्टेअरिंगला हात लावून छातीला लावला आणि उजवा पाय दाबला. रस्ता पळायला लागला. एका बाजूला निळा समुद्र, दुसऱ्या बाजूला झाडं. त्याने बावीस वर्षांच्या सवयीने गाडी डाव्या अंगाला घेतली. समोरून एक गाडी सरळ अंगावर आली. त्याने हॉर्न चाचपला, हॉर्न नव्हता. आणखी डावीकडे दाबलं, तोवर धडक बसली. गाडी तीनदा उलटली, सरळ झाली आणि पुन्हा धावायला लागली.

मागे हशा पिकला. "नाना, उजवीकडनं! फारीनचा खेळ हाय, त्यांच्यात उजवीकडनंच चालत्यात!"

दुसऱ्यांदा धडक. तिसऱ्यांदा. हातांना काही कळलं नाही. ना हिसका, ना वजन. चाळणी फिरवल्यासारखं ते स्टेअरिंग फिरत होतं. चौथ्या वेळी त्याने वळवलंच नाही, समोरच्याला येऊ दिलं अंगावर. गाडी उलटली आणि धुतल्यासारखी उभी राहिली.

खेळाचा वेळ शिल्लक असतानाच तो उठला.

"काय झालं, नाना? खेळा की."

"थू!" जन्मात कधी न थुंकणारा आसाराम म्हणाला. "मानसं मारायची आन् वर काय भोगायचं न्हाई. ही गाडी न्हाई, रव्या. ही नुसती घाण हाय. आन् हिच्यापायी मी नऊ दिस हितं बसलो."

लंगडत तो बाहेर आला, तर बोळात करपल्याचा वास. टेम्पो मागे निघत नव्हता. बोळाच्या तोंडाशी राहीबाईने वाळल्या मिरचीचा ढीग मांडला होता, आणि टेम्पोवाला क्लच अर्धा धरून गाडी गुरगुरवत होता.

"आरं, जाळतोस की!" आसाराम म्हणाला.

"मग तुमी काढा," टेम्पोवाला तोंडातलं सावरत म्हणाला. "आलं मोठं शिकवायला."

आसारामने आपल्या डाव्या पायाकडे बघितलं. मग टेम्पोचं दार उघडलं.

"सरक तिकडं. उजवा पाय हिकडं कर. क्लच तू दाब, बाकीचं मी बघतो."

टेम्पोवाला हसला, पण सरकला. शेजारी बसून त्याने पाय लांबवला.

"दाब." आसारामने रिव्हर्स टाकला. "आता सोड. हळू. झोपल्यालं लेकरू खाली ठिवतूस तसं."

टेम्पो हलला. स्टेअरिंग गुटख्याने आणि घामाने चिकट झालं होतं, पण जड होतं, आणि ते वजन त्याच्या मनगटांतून खांद्यापर्यंत चढलं. आरसा तडकलेला. तड्याच्या अलीकडे भिंत, पलीकडे मिरची.

"आसाराम, मिरच्या गेल्या तर भरून घीन!" राहीबाई ओरडली.

"बस तिथंच, मावशी. हलू नगं. दाब रं! सोड... सोड... आता दाब!"

मिरचीच्या ढिगापासून वीतभर अंतर ठेवून मागचं चाक वळलं आणि टेम्पो रस्त्याला लागला. आसाराम उतरला.

संध्याकाळी सुमनबाईने ताट वाढलं, हात धुवायला तांब्या पुढे केला. आसाराम बोलतच होता. "क्लच पार जाळून ठिवलाय त्यानं. आरसा फुटल्याला. आन् ष्टेरिंग कसलं चिकाट, शी! अजून वास मारतोय हाताला."

"मग धुवा की हात."

"धुतो," आसाराम म्हणाला. हात गुडघ्यांवर तसेच होते. "जरा थांब."