तेजोमेघाचं मॅचिंग

आकाशातल्या तेजोमेघालाही मॅचिंग ब्लाउजपीस काढून देईल असा माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात एकच आहे, आणि ते म्हणजे माझ्या नणंदेचे सासरे. बाजारात त्यांचं मॅचिंग सेंटर आहे. साडी काउंटरवर ठेवली की ते ती उचलून आधी रस्त्यावर उन्हात नेतात, कारण ट्यूबलाइटवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. मग आत येऊन शेकडो गठ्ठ्यांतून नेमका एक ओढतात. "हा मोरपंखी नव्हे टीचरबाई, मोरपंखीच्या शेजारचा हाये," असं मला बजावतात, आणि मी शाळेत विज्ञान शिकवत असूनही मान डोलावते.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्याच काउंटरवर लॅपटॉप उघडतो. नेरडीगोंड्याजवळच्या शेतात त्यांनी दुर्बीण बसवली आहे. तिथून ते एकाच तेजोमेघाचे तीन फोटो आणतात: एक हायड्रोजनच्या उजेडाचा, एक गंधकाचा, एक ऑक्सिजनचा. तिन्ही काळे-पांढरे. सॉफ्टवेअरमध्ये गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग देऊन ते एकावर एक बसवतात. हायड्रोजन भारी शिरजोर. "याले आवरलं नाही तर सगळं शेवाळ होते," म्हणत ते हिरवा उतरवतात, आणि ऑक्सिजन बिचारा फिका, म्हणून निळा जरा जरा चढवत नेतात. एकदा त्या धुरकट करड्यातून डाळिंबी, अबोली, चिंतामणी रंग उगवताना पाहिले आणि मी घरी कुकर लावायचा विसरले. या एका फोटोवर त्यांनी तीन हिवाळे घातले. तो दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लावायचा होता.

मध्येच मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन ते वर्षभर टाळत राहिले. "नजरेचंच तर दुकान हाये. तीच बिघडली तर माह्याजवळ राह्यते काय?" शेवटी नणंदेने जवळजवळ धरूनच नेलं आणि एक डोळा झाला.

काही दिवसांनी मी दुकानात गेले, तर ते लॅपटॉपवरच्या फोटोसमोर बसून एकदा हा डोळा झाकत होते, एकदा तो. "हे तर निळीचं पाणी हाये," ते हळूच म्हणाले. पिकलेल्या मोतीबिंदूतून त्यांना सगळं पिवळट दिसत होतं, म्हणून निळा कमी वाटायचा आणि ते चढवतच गेले होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. साडी मोरपंखी होती, ब्लाउज चक्क निळा.

"हा बी मीच देल्ला ना? तुमी सांगितलं काऊन नाही?"

काय सांगणार? आम्हा सगळ्या बायकांना दोन वर्षं ते दिसत होतं. पण त्यांच्या नजरेपुढे आपली नजर खरी मानायची कुणाची छाती नव्हती. शिवाय त्यांना दुखवणं जिवावर आलं असतं. एकही बाई दुसऱ्या दुकानात गेली नाही.

ते चिडले नाहीत. तेच तीन काळे-पांढरे फोटो घेऊन पहिल्यापासून बसले. महिन्याभराने भिंतीवर लागलेला नवा तेजोमेघ इतका सुंदर आहे की त्याच्यासमोर बोलताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

दुसऱ्या डोळ्याची तारीख मात्र त्यांनी दोनदा पुढे ढकलली. मी रागावले, तेव्हा त्यांनी लॅपटॉपवर तो जुना, निळाशार फोटो उघडला आणि नवा डोळा तळहाताने झाकला.

"या डोळ्यानं तो अजूनबी बरोबर दिसते, टीचरबाई. तीन हिवाळे म्या तो असाच पायला."

मी तारखेचा विषय पुन्हा काढला नाही.