शून्यांच्या तक्त्यात न मावलेली वाडी

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी माझा आणि माझ्या मैत्रिणीचा मिळून एक प्रोजेक्ट होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाहून कुठल्याही गावाला एसटीनं कसं जायचं, हे कॉम्प्युटरनं सांगायचं. गावं म्हणजे बिंदू, त्यांना जोडणारे रस्ते म्हणजे रेघा. अशा जाळ्याला ग्राफ म्हणतात. पुस्तकाप्रमाणं आम्ही तक्ता केला. आडवी सगळी गावं, उभी सगळी गावं. थेट गाडी असेल तिथं एक, नसेल तिथं शून्य. चंदगड तालुका आत घातला आणि मेमरी पुरेना.

सर म्हणाले, लहान गावं गाळा. शहरात, शाहूपुरीत दुकान असलेल्या घरातली माझी मैत्रीण लगेच तयार झाली.

"तुझी ती डोंगरातली वाडी काढ की. तिथं जातंय कोण?"

"माझी आई जाती. माहेर हाय तिचं."

गाळायचं म्हटलं की आधी आमचीच गावं, हे मी लहानपणापासून वडिलांच्या पत्रकांत वाचत आले होते. वडील शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला होते आणि सुट्टीदिवशी खेड्यांच्या हक्कांसाठी होणाऱ्या सभांची पत्रकं गावोगाव धाडायचे. त्या रविवारीही घरी गठ्ठे बांधणं चाललं होतं. त्यांची जुनी पद्धत होती. गठ्ठ्यावर गावाचं नाव, खाली तिथून पुढं जिथं पत्रकं द्यायची तेवढीच नावं. गठ्ठा एसटीच्या कंडक्टरकडं द्यायचा. त्या गावचा माणूस आपली पत्रकं ठेवून उरलेली पुढं पाठवायचा. चंदगडच्या गठ्ठ्यावर ओळभर नावं, वाडीच्या अलीकडच्या गावाच्या गठ्ठ्यावर एकच, आमच्या वाडीचं.

घडी घालता घालता माझा हात थांबला. आमच्या तक्त्यात वाडीच्या ओळीला एकच एक होता, बाकी सगळी शून्यं. मेमरी त्या शून्यांनीच अडवली होती. गठ्ठ्यांसारखी प्रत्येक गावाजवळ फक्त त्याच्या शेजाऱ्यांची, म्हणजे थेट गाडी असलेल्या गावांची, यादी ठेवली, तर सगळी गावं मावणार होती.

सोमवारी मी तक्ता मोडायचा म्हटलं. मैत्रीण चिडली. तक्त्यात थेट गाडी आहे का ते एका नजरेत कळतं, यादीत शोधावं लागणार, असं तिचं म्हणणं. ते खरंच होतं. पण प्रत्येक गावाचे शेजारी मोजके; तेवढं शोधणं मला चालणार होतं, गाव गाळणं चालणार नव्हतं. मी आवाज चढवला तशी ती की-बोर्ड ओढून बसली. "भाषण नको, बाई. काय टाइप करू ते सांग."

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, तुमच्यातलं सगळ्यात अवघड गाव कुठलं? मी बोलायच्या आत मैत्रिणीनं आमच्या वाडीचं नाव टाइप केलं. पडद्यावर कोल्हापूरपासून एकाखाली एक गावं उतरत गेली आणि शेवटी वाडी आली.

"एकही गाव गाळलेलं नाही, सर," ती मान ताठ करून म्हणाली.

माझ्याजवळ पत्रकात शोभेल असं एक वाक्य तयार होतं. ते बोलायची गरजच पडली नाही.