दुखत नाही म्हणून ओरडणारे सर

मी सांगते आहे, नात लिहून घेते आहे. युसूफ सरांच्या पंच्याहत्तरीला बाकी मंडळी त्यांचं गोड कौतुक करतील. मला त्यांनी फार छळलं आहे.

दिघाशी गावाहून येऊन मी धामणकर नाक्याजवळच्या कॉलेजात रसायनशाळा झाडायला लागले, तेव्हा तिथे शिकवणाऱ्या या सरांनी नाव नंतर विचारलं. आधी हात पाहिले, कुठे कापलंय का म्हणून. मला अक्षर येत नाही हे कळल्यावर स्वतः ब्रश घेऊन घातक बाटल्यांना लाल पट्टे ओढले. मग रोज तेच पुराण: मावशी, हातमोजे. मावशी, वास घेऊ नका. सासूनंही मला एवढं टोकलं नव्हतं.

त्या लाल पट्ट्यांतलंच एक फिनॉल. पांढरे खडे, जुने झाले की गुलाबी पडतात, वास गोडसर. देव्हाऱ्यातला कापूरच वाटावा. वापरण्याआधी बाटली गरम पाण्यात ठेवून ते वितळवतात. एकदा टेबल पुसायला मी ती उचलली. हातमोजे होते, पण बाटली तापलेली, म्हणून चुलीवरचं भांडं धरावं तशी पदरानं धरली. झाकण सैल होतं. पदर भिजला, आणि सवयीनं तो मी कमरेला खोचला.

सरांनी पाहिलं आणि लुगडं सोडून नळाखाली उभं राहायला सांगितलं. भर वर्गात.

"अवो सर, काय पन दुखत न्हाय."

"दुखत नाही म्हणूनच ओरडतोय, मावशी. हे आधी कातडी बधिर करतं, मग रक्तात उतरतं. जीव जातो यानं."

तरी मी हटून बसले. तेव्हा त्यांनी मुलगे बाहेर काढले, दोन मुलींना हातमोजे घालून माझ्यापाशी ठेवलं, दाराच्या काचेवर आपला पांढरा कोट टांगला आणि बाहेर पाठ करून उभे राहिले. प्राचार्यांनाही आत सोडलं नाही. मी लुगडं सोडून नळाखाली गेले, तरी बाहेरून ओरडणं चालूच: पाणी बंद करू नका. कमरेवरची कातडी पांढरी पडलेली दिसली, तेव्हा कुठे मला सरांचं खरं वाटलं.

मग सरांचा तोच कोट मला घालून रिक्षानं दवाखान्यात. कोट पाहून नर्स मला मॅडम म्हणाली, तेवढ्यावर सर हसले. धोका टळला असं डॉक्टर म्हणेपर्यंत ते बाकावरून उठले नाहीत. रोजा होता त्यांचा. तिथेच घोटभर पाण्यावर सोडला.

आता निवृत्त आहेत, तरी टेमघरच्या कापड रंगवायच्या कारखान्यांत कामगारांना ॲसिड कसं हाताळावं ते शिकवत हिंडतात. गुडघे दुखतात, ऐकत नाहीत. माझ्याकडे आले की आधी मोरीतल्या बाटल्या तपासतात, मग चहा घेतात. वैताग नुसता.

सरांची पंच्याहत्तरी झाली. त्यांचा अल्ला आणि माझी गावदेवी, दोघांनी मिळून त्यांचे गुडघे सांभाळावेत. आवाज अजून खणखणीत आहे. तो असाच राहो, आणि मला तो वर्षानुवर्षं ऐकावा लागो.